रंगांचे वावडे : आहार, कलप आणि औषधे

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानमालेतील यापूर्वीची पुष्पे विद्वान वक्त्यांनी धर्म, इतिहास आणि साहित्य या विषयांवर गुंफली. मी त्वचारोगांवर उपचार करणारा एक डॉक्टर आहे. तेव्हा विश्वस्तांनी विषय विचारला असता माझ्या रोजच्या कामातला, आणि येथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी कधी ना कधी डोकावून गेलेला विषय मी सुचविला. तो म्हणजे रंगांमुळे होणारी ॲलर्जी.

रंगाचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. आत्म्याच्या परिणामांना आपण कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल अशा सहा लेश्यांच्या नावांनी ओळखतो. तत्त्वार्थसूत्रात पुद्गलाचे लक्षण सांगताना स्पर्श, रस, गंध आणि वर्ण असे चार गुण एकत्र सांगितले आहेत. आजच्या खाद्यरंगाकडे पाहिले की मला या सूत्राची आठवण होते. पदार्थात तो ज्या प्रमाणात घालतात त्या प्रमाणात त्याची चव कळत नाही, वास कळत नाही, पोषण तर मुळीच नाही. कळतो तो केवळ वर्ण. म्हणजे जीभ आणि नाक हे आपले दोन जुने पहारेकरी त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतात.

हे रंग आले कोठून? १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने बनविण्याच्या खटपटीत होता. डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग करताना त्याच्या हाती क्विनीन लागले नाही, जांभळा रंग लागला. तेथून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. कापडासाठी निघालेले हे रंग पुढे मिठाईत, औषधांत आणि केसांतही आले.

आता 'ॲलर्जी' या शब्दाविषयी. मराठीत त्याला एक सुरेख शब्द आहे : वावडे. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, इतरांना ते खुशाल पचते. रंगांच्या बाबतीत मात्र हे वावडे तीन निरनिराळ्या वाटांनी येते, आणि त्यांची गल्लत झाली की उपचारही चुकतात. पहिल्या वाटेत शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवलेली असतात. पदार्थ पोटात जाताच काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत, अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, क्वचित श्वास कोंडतो. दुसऱ्या वाटेत प्रतिपिंडांचा संबंध नसतो. त्वचेला लागलेला पदार्थ रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी ओळखून ठेवतात आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी तेथे खाज, लाली, पाणी सुटणे असा इसब उमटतो. तिसऱ्या वाटेत लक्षणे पहिलीसारखीच दिसतात, पण प्रतिपिंडे सापडत नाहीत. याला खरी ॲलर्जी न म्हणता असहिष्णुता म्हणतात.

या तिन्हींपैकी माझ्याकडे सर्वांत अधिक येते ती दुसरी वाट, आणि तिचे कारण असते केसांचा कलप. संपूर्ण केशलोच करणाऱ्या मुनिमहाराजांच्या अनुयायांपुढे केस काळे करण्याविषयी बोलणे थोडे संकोचाचे आहे. पण लग्नसराईच्या आठवड्यात माझ्या दवाखान्याबाहेर पापण्या सुजलेले काका आणि मामा रांगेत बसतात, हे मी रोज पाहतो. त्यातले बरेचसे आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले असतात. डोक्याची त्वचा जाड असल्याने ती पुष्कळदा तग धरते. त्रास पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, कपाळावर आणि मानेवर दिसतो. त्यामुळे कलपाचा संशयच येत नाही.

या त्रासाच्या मुळाशी बहुधा एकच द्रव्य असते, पॅरा-फिनिलीन-डायअमीन. आम्ही त्याला थोडक्यात पीपीडी म्हणतो. हे द्रव्य स्वतः जवळजवळ रंगहीन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडशी मिसळले की केसाच्या आत शिरून ते काळे होते आणि धुतल्यावरही जात नाही. टिकाऊ काळा रंग एवढ्या स्वस्तात देणारे दुसरे द्रव्य सहज मिळत नाही, म्हणून ते सर्वत्र आहे. युरोपात डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २००६ साली त्याला 'वर्षातील ॲलर्जीकारक' अशी पदवीच बहाल केली होती. आपल्या समाजात मानपत्रे पुष्कळ वाटली जातात, पण असे मानपत्र विरळाच!

रुग्णांचा ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, वीस वर्षे हाच कलप लावतो आहे, मग आजच कसे झाले?" उत्तर असे की या प्रकारच्या ॲलर्जीत शरीराला पदार्थाची ओळख पटावी लागते. ती पहिल्या खेपेस पटेल किंवा पन्नासाव्या. एकदा पटली की मात्र ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही, आणि पुढचा प्रत्येक उद्रेक आधीच्यापेक्षा तीव्र होण्याचा संभव असतो. म्हणून 'वीस वर्षे चालले' हे पुढच्या महिन्याचे आश्वासन होऊ शकत नाही.

कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही सावधगिरीची सूचना छापावी, असा आपल्या देशात नियम आहे. कानामागे किंवा हाताच्या आतील बाजूस थोडेसे मिश्रण लावून चोवीस तास पाहावे, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करावी. भुवया व पापण्यांना कलप लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते. असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. अक्षर इतके बारीक असते की ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना ते चष्म्याशिवाय वाचता येऊ नये! माझे मत विचाराल तर चोवीस तास अपुरे आहेत. प्रतिक्रिया दोन दिवसांनीही उमटते, तेव्हा अठ्ठेचाळीस तास थांबावे. मात्र ज्यांना एकदा त्रास झालेला आहे त्यांनी घरी ही चाचणी करून पाहू नये. त्यांच्यासाठी आमच्याकडे पाठीवर पट्ट्या चिकटवून करावयाची पॅच टेस्ट आहे. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ योझेफ याडासोन यांनी १८९५ साली ती मांडली आणि आजही तिला तोड नाही.

भगिनींनी 'काळ्या मेंदी'विषयी विशेष सावध राहावे. मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केसांना आणि हातांना तांबूस-केशरी ते तपकिरी रंग देते. नुसत्या पानांनी काळा कुळकुळीत रंग येत नाही. पुडीतील मेंदी अर्ध्या तासात काळी रंगत असेल तर तिच्यात पीपीडी मिसळले आहे, असे बहुधा समजावे. हातावर काळ्या रेघांची नक्षी काढून घेतलेल्या लहान मुली फोड आलेल्या हातांनी येतात आणि त्यांच्या शरीराला या द्रव्याची ओळख जन्मभरासाठी होऊन बसते. पुढे कधीतरी त्यांनी पहिल्यांदाच कलप लावला तर तोच पहिला उद्रेक भयंकर ठरतो. 'अमोनियाविरहित' या शब्दानेही फसू नये. अमोनिया नाही याचा अर्थ पीपीडी नाही असा होत नाही.

आणखी एक गोष्ट केवळ उल्लेखून पुढे जातो. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या काहींना त्याच्या रासायनिक भाऊबंदांचाही त्रास होतो. बधिरता आणणाऱ्या मलमांतील बेंझोकेन, सल्फा गटातील काही औषधे, गडद कापडांचे काही रंग हे ते भाऊबंद. म्हणून डॉक्टरांना 'मला कलप सोसत नाही' हे सांगणे लाजेचे समजू नये. पुष्कळ पुरुष ही माहिती पत्नीसमोरसुद्धा लपवतात.

आता आहाराकडे वळू. आपल्याकडे आठ कृत्रिम खाद्यरंगांना परवानगी आहे. वेष्टनावर ते क्रमांकांनी दिलेले असतात. पिवळ्या टार्ट्राझीनचा १०२, नारिंगी सनसेट यलोचा ११०, लाल कार्मोइसीन व पाँसो यांचे १२२ आणि १२४, एरिथ्रोसीनचा १२७, निळ्या दोन रंगांचे १३२ व १३३ आणि हिरव्याचा १४३. बहुतेक पदार्थांत त्यांची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. येथे बसलेल्या सराफ बंधूंना हे वजन चटकन कळेल : तोळ्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. शुद्ध रंगाची चिमूट अंदाजाने टाकणाऱ्या आचाऱ्याकडून ही मर्यादा पाळली जाईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय हळद, मिरचीपूड, डाळी, चहा यांत रंग मिसळण्यास मुळीच परवानगी नाही. तरीही डाळी आणि मिठाईतला मेटॅनिल यलो, साखरेच्या कापसातला ऱ्होडामिन-बी असे कापडाचे रंग अधूनमधून सापडतात. ऱ्होडामिनमुळेच फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूने जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी 'बुढ्ढी के बाल'वर बंदी घातली. हा प्रश्न ॲलर्जीपेक्षा विषाचा अधिक आहे, म्हणून त्यात आज खोल जात नाही. आपल्या भागात हळद-मिरचीचे व्यापारी पुष्कळ आहेत, एवढे मात्र ध्यानात आणून देतो.

परवानगी असलेल्या रंगांपैकी सर्वाधिक बदनाम आहे टार्ट्राझीन. त्याने अंगावर पित्त उठते, दमा बळावतो, ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांना तो हमखास बाधतो, असे पूर्वीच्या पुस्तकांत लिहिलेले असे. पुढे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही नकळत रंग देऊन काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा यातील पुष्कळसे अतिशयोक्त ठरले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मते टार्ट्राझीनमुळे पित्त उठण्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणून प्रत्येक खाजेचे खापर रंगावर फोडू नये. तथापि दहा हजारांत एक ही संख्या त्या एकाच्या दृष्टीने लहान नसते. आपल्याकडे तर त्याचा शोधच लागत नाही. अंगावर गांधी उठल्या की घरात 'पित्त झाले' असे म्हणतात, आमसुलाचे पाणी चोळतात, संध्याकाळपर्यंत ते उतरते आणि काय खाल्ले होते हे विसरले जाते. टार्ट्राझीनच्या वावड्याला रक्ताची चाचणी उपयोगी पडत नाही, पॅच टेस्टही नाही. खाण्याची रोजनिशी ठेवणे, संशयित पदार्थ काही आठवडे वर्ज्य करणे, आणि जरूर तर रुग्णालयात देखरेखीखाली तो देऊन पाहणे हाच मार्ग. एक-दोन रसांचा किंवा पदार्थांचा नियमाने त्याग करण्याची सवय असलेल्या आपल्या माता-भगिनी हे पथ्य इतर कोणाहीपेक्षा चोख पाळतात, हा माझा अनुभव आहे.

आणि आता आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा रंग. 'कृत्रिम रंग वाईट, नैसर्गिक चांगला' असे हल्ली सरसकट सांगितले जाते. नैसर्गिक रंगांत एक क्रमांक आहे १२०, नाव कार्मिन किंवा कोचिनील. मेक्सिको, पेरू या देशांत निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांच्या माद्या वाळवून तो काढतात. एक पौंड रंगासाठी सुमारे सत्तर हजार किडे लागतात. परदेशी दही, पेये, गोळ्या-चॉकलेटे यांत तो आढळतो. ओठांच्या लालीत तो सीआय ७५४७० या क्रमांकाने लिहिलेला असतो. अहिंसेच्या दृष्टीने याविषयी मी काही सांगावे अशी आवश्यकता नाही. वैद्यकाच्या दृष्टीने सांगायचे तर खाद्यरंगांत खरी, प्रतिपिंडांमुळे होणारी, जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी ज्यांच्यामुळे निश्चितपणे सिद्ध झाली आहे त्यांत हा नैसर्गिक रंग अग्रभागी आहे. कारण त्यात किड्याच्या शरीरातील प्रथिनांचा अंश राहून जातो आणि प्रतिपिंडे प्रथिनांविरुद्धच सहज तयार होतात. अमेरिकेत पूर्वी वेष्टनावर 'रंग घातला आहे' एवढेच लिहिले तरी चालत असे. जानेवारी २०११ पासून कार्मिनचे नाव स्पष्ट लिहिणे तेथे बंधनकारक झाले, ते अशा ॲलर्जीमुळेच. नावांची गफलत मात्र करू नये : १३२ क्रमांकाच्या 'इंडिगो कार्मिन'चा आणि १२२ क्रमांकाच्या 'कार्मोइसीन'चा किड्याशी काहीही संबंध नाही. वनस्पतिजन्य रंगही पूर्णतः निरुपद्रवी नाहीत. शेंदरीच्या बियांपासून निघणाऱ्या १६०-बी क्रमांकाच्या ॲनाटोनेही क्वचित तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

वेष्टनावरचा हिरवा ठिपका पुरेसा नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याच्या व्याख्येत मधाला सूट आहे, कंदमुळांचा तर प्रश्नच नाही. म्हणून आपण वेष्टन उलटून वाचतो. जिलेटीन, अंडे, कांदा, लसूण शोधणारी जी नजर आपल्या घराघरांत आहे, तिला हे आठ-दहा क्रमांक शिकविणे अवघड नाही.

औषधांत रंग का घालतात, असे विचारले जाते. त्याचे एक चांगले कारण आहे. वृद्ध माणूस रक्तदाबाची गोळी आणि साखरेची गोळी रंगावरूनच ओळखतो. पण त्यामुळे अडचणही होते. रुग्ण सांगतो, "त्या पिवळ्या गोळीने अंगावर पित्त उठले." आता दोष मूळ औषधाचा की पिवळ्या रंगाचा? बहुतेक वेळा औषधाचाच असतो. परंतु कधी तो रंगाचा असतो आणि त्या रुग्णाच्या कागदावर एका उत्तम प्रतिजैविकाचे नाव 'वर्ज्य' म्हणून कायमचे चढते. पुढे गंभीर आजारात तेच औषध हवे असते आणि ते देता येत नाही. हे टाळण्यासाठी गोळीची पट्टी किंवा बाटली जपून ठेवावी. औषधात वापरलेल्या रंगाचे नाव त्यावर छापणे आपल्याकडे बंधनकारक आहे. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे, पांढऱ्या गोळीच्या रूपात बऱ्याचदा मिळते, पण तसा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. गंमत अशी की ॲलर्जीवर द्यावयाच्या काही गोळ्या आणि मुलांची सरबतेही रंगीत असतात. औषधांच्या पट्टीवर हिरवा ठिपका नसतो, आणि कॅप्सूलचे कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, हे जाता जाता नमूद करतो. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. विचारावे.

दशलक्षण पर्वातला एक प्रसंग सांगतो. एक आजी सूर्योदयाच्या सुमारास माझ्याकडे आल्या. ओठ आणि पापण्या सुजलेल्या, आवाज बसलेला. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी त्यांनी कोणीतरी आणलेली हिरवी बर्फी खाल्ली होती. तासाभरात सूज आली, पण रात्री काही घ्यायचे नाही म्हणून घरातील गोळी त्यांनी घेतली नाही आणि घरच्यांनाही उठविले नाही. त्या बऱ्या झाल्या. बर्फीतल्या रंगाने ते झाले की पिस्त्याने, की आणखी कशाने, हे अखेरपर्यंत कळले नाही, कारण सुट्या बर्फीला वेष्टन नसते. व्रताविषयी निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. परंतु वैद्यकाची बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. ओठ किंवा जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वासाला त्रास, भोवळ यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहता येत नाही. अशा वेळी प्राण वाचविणारे औषध मांडीच्या स्नायूत टोचावयाचे ॲड्रेनॅलीनचे इंजेक्शन हे आहे. गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णाला आडवे निजवून, पाय उंच करून, श्वास कोंडत असल्यास टेकून बसवून, थेट रुग्णालय गाठावे. व्रतधारकांनी अशा प्रसंगी काय करावे, हे आपापल्या गुरूंना आजच विचारून ठेवावे. रात्री दोन वाजता तो प्रश्न विचारता येत नाही.

मंदिरातील केशराविषयी एका बंधूंनी चिठ्ठी पाठविली आहे. कपाळी गंध लावल्यावर खाज येते, असे ते लिहितात. खऱ्या केशराची किंवा चंदनाची ॲलर्जी अशक्य नाही, पण आधी केशर तपासावे. मक्याच्या कणसाचे तंतू रंगवून ते केशर म्हणून विकले जातात. पाण्यात टाकताच भसकन रंग सोडून तंतू फिके पडले तर ते बनावट. खरे केशर सावकाश आणि दीर्घकाळ रंग देत राहते.

विश्वस्तांना माझी एक विनंती आहे. सुवर्ण महोत्सवाच्या समारोपाला हजारो साधर्मिकांची पंगत बसणार आहे. आचाऱ्यांशी करार करताना रंगाची डबी स्वयंपाकघरात येणार नाही, ही अट लेखी घालावी. जिलेबी फिकी दिसेल, बुंदी एकरंगी होईल, अशी कुरकुर होईल. बिटाचा रस सुचविला जाईल, तो आपल्याला चालत नाही. वाळलेली हळद आणि खरे केशर पुरे आहे. प्रत्येक पदार्थाजवळ त्यातील घटकांची पाटी असावी. त्या दिवशी मंडपात एक डॉक्टर आणि ॲड्रेनॅलीन ठेवण्याची व्यवस्था मी आणि माझे सहकारी करू.

आपणांपैकी काहींनी औषधांच्या पट्ट्या आणि कलपाची पाकिटे सूचनेप्रमाणे सोबत आणली आहेत, असे दिसते. ती घेऊन पुढे यावे, त्यांवरील नावे आपण एकत्र वाचू. जय जिनेंद्र!